आजारी पडायचंय? आधी झेरॉक्स काढून या

समजा तुम्ही फिलिपिन्समध्ये, मनिलातल्या टोंडोच्या गरीब वस्तीत राहता, नवरा जीपनी (म्हणजे तिकडची शेअर जीप) चालवतो, आणि एक दिवस आंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली. तर पहिला सल्ला, हात काढा. वाटाण्याएवढ्या गाठीला कुणी विचारत नाही, लिंबाएवढी होऊ द्या, मग बघा कसे गोळा होतात सगळे, नातेवाईक, बरंगायचा (म्हणजे वॉर्डाचा) कॅप्टन, झालंच तर तिकडचा खासदार.

तरी तपासायची घाईच असेल तर फिलहेल्थ, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, आहे की! 2019 च्या कायद्याने प्रत्येक फिलिपिनो आपोआप मेंबर झालाय. फक्त त्याचा खरा जोर अॅडमिट झाल्यावर, त्यामुळे असं धडधाकट चालत जाऊ नका, बरं दिसत नाही. आता बाहेरच्या तपासण्यापण आणल्यात, पण त्यासाठी ठरलेल्या क्लिनिकात आधी नाव नोंदवायचं, तोवर गाठीला जरा दम धर म्हणावं. आणि पैसे नाहीत असं तर अजिबात बोलू नका हं, 2024 मध्ये फिलहेल्थकडे 89.9 अब्ज पेसो जास्तीचे पडून आहेत म्हणून सरकारने परत मागवले, 60 अब्ज तिजोरीत गेलेसुद्धा आणि मग सुप्रीम कोर्टाने पुढचे अडवले. एवढे उरले कसे? तुम्ही वेळेवर अॅडमिट झाला नाहीत, दुसरं काय.

खिशातूनच करायची हौस असेल तर मोटरसायकलवर वसुलीला फिरणारा ‘बुंबाय’, म्हणजे भारतीय सावकार, गाठा. पाच घ्या, सहा द्या, धंद्याचं नावच फाइव्ह-सिक्स. (माणूस बहुतेक पंजाबचा, नाव आपल्या मुंबईचं, फुकटची बदनामी.) त्याच्याकडे पंखा, मच्छरदाणीपण हप्त्यावर मिळते, आजारपणात लागेलच.

नाहीतर लोट्टोचं तिकीट काढा. तिकडे लॉटरी चालवणारं सरकारी ऑफिसच गरिबांना उपचाराला मदत देतं, म्हणजे लागली तर प्रश्न मिटला, नाही लागली तर आपलेच पैसे अर्ज करून परत मागायचे. किती सोय बघा.

पण खरी मजा मालासाकित सेंटरला. मालासाकित म्हणजे कळकळ, आणि ही कळकळ 2019 मध्ये रीतसर कायदा करून सरकारी हॉस्पिटलात बसवलीय, आरोग्य खातं, समाजकल्याण, फिलहेल्थ, लॉटरीवाले, सगळ्यांची टेबलं एकाच ठिकाणी. पहाटेच निघा, डबा घ्या. बरंगायकडून गरीब असल्याचा दाखला आणा (टोंडोतल्या तुमच्या पत्र्याकडे बघून कुणाला पटत नाही), आयडी, टेस्टचं कोटेशन, प्रत्येकाच्या झेरॉक्स, आणि मेडिकल अॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे आजाराची माहिती लिहिलेला डॉक्टरचा कागद, त्यावर डॉक्टरची सही, लायसन्स नंबर. नंबर पुसट असेल तर परत पाठवतील, चिडू नका, बाईंना जेवायला जायचं असतं.

नंबर नीट आहे? छान. आता त्या अॅब्स्ट्रॅक्टवर निदान कुठाय ते दाखवा.

नाही लिहिलेलं? मग असं करा, आधी टेस्ट करून या.