रिमाऊ हा आपला वाघ-बकरी नव्हे

‘मलेशियातला रिमाऊ म्हणजे आपलाच वाघ-बकरीचा खेळ. रबराच्या मळ्यांवर गेलेल्या तमिळ मजुरांनी तो तिकडे नेला, मलय लोकांनी फक्त नाव बदललं. रेघांचा असा पट भारताबाहेर नव्हताच.’ पटाच्या फोटोसह हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. दुसऱ्यांच्या खेळाचं श्रेय इतक्या सहज आपल्या नावावर करणं मला मुळीच पटत नाही.

आधी ‘आपलाच खेळ’ तपासू. नेपाळमधल्या आणि आपल्याकडच्या बाघचालीत, म्हणजे वाघ-बकरीच्याच एका प्रकारात, ४ वाघ, २० बकऱ्या आणि २५ घरांचा चौकोन. रिमाऊत त्या चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना त्रिकोण जोडलेले असतात, आणि त्याच्या एका प्रकारात एकट्या वाघासमोर २४ ‘माणसं’, म्हणजे सोंगट्या असतात. पण खरा फरक उडीत आहे. बाघचालीत वाघ एकाच बकरीवरून उडी मारतो. तिच्या मागे दुसरी उभी असली की ती वाचली. रिमाऊत एका रेघेत लागून उभी असलेली माणसं विषम संख्येत असतील आणि पलीकडचं घर रिकामं असेल, तर वाघ एका उडीत सगळ्यांना मारतो. दोघं सुरक्षित असतात. त्यांच्या पाठीशी आधाराला तिसरा आणलात की तिघंही गेले. बाघचालीत जी गर्दी बकऱ्यांना वाचवते, तीच इथे अंगाशी येते. प्रत्येक खेळीआधी प्रत्येक रेघ मोजावी लागते. नुसतं नाव बदलून असा डाव तयार होत नाही.

मजुरांची गोष्ट कालक्रमातच अडते. डच अभ्यासक स्नूक हुर्खोन्ये यांनी इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या आचेमधल्या वाघाच्या खेळांची नोंद १८९३-९४ च्या ग्रंथात केली आहे. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मलायातल्या रबराचा मोठा विस्तार विसाव्या शतकातला, आणि आचे तर ब्रिटिशांकडे नव्हतंच. भारताशी या भागाचा व्यापार फार जुना, मलेशियाच्या केडाह राज्यातल्या बुजांग खोऱ्यातले अवशेष त्याची साक्ष देतात. त्या वाटेनं खेळ आले-गेले असतील, हे मी मान्य करते. मात्र त्यावरून कोणी कोणाकडून घेतला, हे ठरत नाही.

राहिला पट. स्पेनचा राजा दहावा अल्फोन्सो याच्या १२८३ च्या खेळांच्या ग्रंथात २५ घरांच्या याच पटावर सशाची शिकार आहे. ब्राझीलमधल्या बोरोरो लोकांच्या खेळात एक जॅग्वार आणि १४ कुत्रे, आणि त्या पटाच्या चौकोनालाही त्रिकोण जोडलेला आहे.