डीएमए आहे, मग आय-ओ प्रोसेसर कशाला?

धाकट्या भावाने काल सर्वत्र फिरत असलेला एक संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, "ताई, हे आमच्या प्रस्तावात घालू का?" संदेशाचे म्हणणे असे की मेनफ्रेमसारख्या मोठ्या सर्व्हरमधील आय-ओसाठीचे (डिस्कसारख्या उपकरणांशी होणाऱ्या डेटाच्या देवाणघेवाणीसाठीचे) स्वतंत्र प्रोसेसर ही जुनी अडगळ आहे, डीएमए (मुख्य प्रोसेसरला न गुंतवता उपकरण आणि मेमरी यांच्यात डेटा हलवण्याची सोय) आल्यावर त्यांना काम उरलेले नाही, आत कोअर (प्रोसेसरमधला सूचना चालवणारा भाग) तोच असतो आणि नाव तेवढे वेगळे, म्हणून तो खर्च वाचवून मुख्य प्रोसेसरचे कोअर वाढवावेत.

डीएमए कंट्रोलरला मेमरीतील पत्ता आणि बाइटची संख्या दिली की तो डेटा हलवतो, हे खरे आहे. परंतु उपकरणापर्यंत कोणत्या मार्गाने जायचे, तो मार्ग व्यग्र असल्यास काय करायचे आणि विनंत्या कोणत्या क्रमाने सोडायच्या, हे तो ठरवत नाही. ते ठरवण्यासाठी कोणत्या तरी प्रोसेसरला सूचना चालवाव्याच लागतात. मेनफ्रेमवर ऑपरेटिंग सिस्टिम 'स्टार्ट सबचॅनेल' ही एक सूचना देऊन पुढच्या कामाला लागते. त्यानंतर सिस्टिम असिस्ट प्रोसेसर, म्हणजे सॅप (त्याच नावाच्या सॉफ्टवेअरशी याचा संबंध नाही), एका उपकरणाकडे जाणाऱ्या जास्तीत जास्त आठ मार्गांतून मोकळा मार्ग शोधतो, आणि तसा मार्ग नसल्यास विनंती रांगेत ठेवतो. आयबीएमच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन' या नियमपुस्तिकेत चॅनेल सबसिस्टिमचे (सॅप आणि उपकरणांकडे जाणारे मार्ग, म्हणजे चॅनेल, यांच्या यंत्रणेचे) प्रयोजनच असे दिले आहे की उपकरणांशी थेट बोलण्याच्या कामातून मुख्य प्रोसेसरला मोकळे करावे. संदेश लिहिणाऱ्याने ते एक प्रकरण चाळले असते, तरी पुढचे सारे टळले असते.

कोअर तोच असतो, एवढे मान्य करावे लागते: सॅप हा त्याच जातीचा कोअर असतो, त्यावर चालणारे फर्मवेअर (यंत्रातच बसवलेला प्रोग्रॅम) तेवढे वेगळे. पण यावरून काढलेला खरेदीचा सल्ला मात्र घातक आहे. ठरावीक सॅप यंत्रासोबतच येतात, त्यामुळे ते वगळून वाचवण्यासारखे काही नसते. उलट मेनफ्रेमवरील सॉफ्टवेअरचे शुल्क सर्वसाधारण, म्हणजे मुख्य, प्रोसेसरच्या क्षमतेवर आकारले जाते आणि सॅप त्या मोजणीत येत नाहीत. म्हणजे बचतीच्या नावाखाली सुचवलेला प्रत्येक जादा कोअर सॉफ्टवेअरचे बिल वाढवू शकतो!

'जुनी अडगळ' या शब्दांना फार वेळ देण्याची गरज नाही. चॅनेल 1950च्या दशकातील आयबीएम 709 पासून आहेत, हे खरे. पण ॲमेझॉनने 2017 मध्ये आपल्या क्लाउड सर्व्हरसाठी नायट्रो ही यंत्रणा जाहीर केली तीही याच कामासाठी, आणि 2024 मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या टेलम 2 या मेनफ्रेम चिपवर आय-ओसाठी स्वतंत्र डीपीयू (डेटा प्रोसेसिंग युनिट) आहे. चार-दोन एनव्हीएमई (थेट जोडल्या जाणाऱ्या वेगवान) डिस्क असलेल्या छोट्या सर्व्हरला एवढा सरंजाम लागत नाही, हेही खरे. परंतु भावाचा प्रस्ताव त्या सर्व्हरचा नाही.

त्याला मी एवढेच कळवले: आधी आरएमएफच्या (मेनफ्रेमचे कामकाज मोजणाऱ्या आयबीएमच्या साधनाच्या) आय-ओ क्यूइंग अहवालात आयओपी किती टक्के व्यग्र आहेत ते पाहा. हेच सॅप तिथे आयओपी या नावाने दिसतात.