ब्रह्म सत्य, जगत मिथ्या, खुर्ची मात्र माझी

अद्वैत वेदांताची, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच या विचाराची, गोडी लागली असेल तर आधी अभिनंदन, आणि लगेच एक धोक्याची सूचना. हे प्रकरण डोक्यात असेपर्यंत ठीक असतं, खाली उतरलं की पंचाईत. उद्या खरंच 'मी कर्ता नाही' असं वाटायला लागलं तर आपण केलेल्या कामाचं श्रेय दुसऱ्याने लाटल्यावर भांडणार कोण? तेव्हा ज्ञान मानेच्या वरच राहील याची काळजी घ्यायची, आणि मी यात पंधराएक वर्षं मुरलेला असल्यामुळे चार अनुभवाचे बोल सांगतो. अनुभव न येण्याचा अनुभव म्हणतोय मी, गैरसमज नको.

शब्द जमवा. परोक्ष, अपरोक्ष, अध्यास, उपाधी, घटाकाश. अंधारात दोरीच साप वाटते तसं ब्रह्मच जग वाटतं, हा दृष्टांत इतका घोटा की समोरच्याच्या वाक्यात साप यायच्या आत तुमची दोरी बाहेर पडली पाहिजे. चार महावाक्यं (जीव-ब्रह्म एकच असं सांगणारी वाक्यं) कुठल्या उपनिषदातली हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. 'अहं ब्रह्मास्मि' तर जरूर म्हणा, त्यातला 'अहं' उच्चारायला फार सोपा आहे, बहुतेकांची गाडी तिथेच थांबते, तुमचीही थांबू दे.

आता श्रवण, मनन, निदिध्यासन, म्हणजे ऐकणं, त्यावर विचार करणं आणि त्याचंच सतत ध्यान करणं. याज्ञवल्क्य ऋषींनी बायकोला, मैत्रेयीला, सांगितलेल्या या पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात. श्रवणाला यूट्यूब आहे, दीडपट स्पीडवर लावलं की एका आठवड्यात अख्खं मांडूक्य उपनिषद उरकतं, मंत्र फक्त १२ आहेत. मननाला व्हॉट्सॲप ग्रुप आहे. निदिध्यासनाचं मात्र अवघड असतं कारण ते फॉरवर्ड करता येत नाही. कोणी विचारलंच की तुम्ही बसता का कधी स्वस्थ, तर भामती आणि विवरण या अद्वैताच्याच दोन परंपरांमधला वाद काढायचा. महावाक्य नुसतं ऐकूनच साक्षात्कार होतो असं विवरणवाले म्हणतात, आणि भामतीवाले म्हणतात की नाही, निदिध्यासनाने तयार झालेलं मन लागतं. या वादाचा निकाल लागेपर्यंत बसण्यात काय अर्थ? निदान दोन वर्षं तरी निघतात आरामात.

त्यातूनही एखादा चिवट निघाला आणि अनुभवाचं विचारायला लागला तर हुकमी पत्ता टाका, 'अनुभव म्हटला की अनुभवणारा आला आणि द्वैत आलंच, आत्मा काही अनुभवाचा विषय नाही'. समोरचा गप्प. यातली गंमत अशी की हे म्हणणं बरोबर आहे. चुकीच्या गोष्टीआड लपलेला माणूस कधीतरी सापडतो हो, बरोबर गोष्टीआड लपलेला नाही सापडत.

छांदोग्य उपनिषद वाचताना जरा जपून. १२ वर्षं वेद शिकून २४ वर्षांचा श्वेतकेतू मोठ्या तोऱ्यात घरी येतो आणि बाप त्याला काय करायला लावतो? १५ दिवस उपाशी राहा, फक्त पाणी पी. मग म्हणतो, आता वेद म्हण. आठवेना! जेवल्यावर परत सगळं आठवलं. पुढे, हे मीठ पाण्यात टाक आणि सकाळी ये. सकाळी म्हणतो मीठ काढून दे, ते सापडेना, मग वरून चाख, मधून चाख, तळातून चाख. बिचाऱ्या पोराला पळवाटच ठेवली नाही. आपण मात्र त्या मिठावर दीड तास बोलायचं, पाण्याला बोट लावायचं नाही.

आणि काही माणसांची उदाहरणं टाळाच. १८९६ साली मदुराईत १६ वर्षांचा एक मुलगा, पुढचे रमण महर्षी, मरणाची भीती दाटून आली तेव्हा जमिनीवर मढ्यासारखा आडवा पडला आणि मरतं ते नक्की कोण हे बघत राहिला, तोवर वेदांताचा अभ्यास वगैरे काही नाही. मुंबईत विड्यांचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांना गुरूंनी 'मी आहे' ही जाणीव धरून राहायला सांगितलं, तर ते खरोखरच धरून बसले. हे अपवाद म्हणून बाजूला ठेवायचे, वर हात जोडायचे.

एवढं सांभाळूनही धोका येतोच. मागे 'मी कोण?' या विषयावर व्याख्यान होतं. मी लवकर जाऊन दुसऱ्या रांगेत पंख्याखालच्या खुर्चीवर रुमाल टाकला, पाणी पिऊन येतो तर तिथे एक गृहस्थ बसलेले, माझा रुमाल छान घडी करून मांडीवर ठेवलेला. म्हटलं, ही जागा माझी आहे. ते शांतपणे म्हणाले, "माझी म्हणजे नक्की कुणाची?" मी पण कच्चा नाही, म्हटलं, "परमार्थात कुणाचीच नाही, व्यवहारात माझी." तर म्हणतात, "मग व्यवहारात मी बसलोय की."

दीड तास खांबाला टेकून उभा होतो. वक्ते काय बोलले देव जाणे, मी त्या गृहस्थांच्या टकलाकडे बघत होतो. कान तापलेले, घसा कोरडा, जबडा आवळलेला. आणि मधेच अचानक असं झालं की कान तापलेत हे स्वच्छ दिसतंय, राग येतोय जातोय आणि बघणारं जे काय होतं ते अजिबात तापलेलं नाही, त्याला खुर्चीही नको होती. शब्द एकही नाही. अंगावर काटाच आला. मी घाईघाईने वही काढली, तारीख टाकली, 'साक्षीभाव : उदाहरण क्रमांक १' असं लिहून खाली रेघ मारली. रेघ मारून होईपर्यंत ते गेलं होतं आणि खुर्ची परत माझी झाली होती.

थोडक्यात वाचलो.