‘बायकांना बिडी बाधत नाही’ हे साफ खोटं आहे

परभणीकडच्या आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: बाईला दोन एक्स गुणसूत्रं असतात, म्हणून बिडीचा धूर तिला पुरुषाइतका बाधत नाही, आणि जीन एकदा बिघडले की बिडी सोडूनही उपयोग नाही. माझी थोरली मावशी चंचीत बिडीचं बंडल बाळगते. कापूस वेचता वेचता बांधावर टेकली की पहिला हात चंचीकडं जातो. तिच्या सुनेनं हाच मेसेज तिला वाचून दाखवला, म्हणून हे लिहितोय.

दोन एक्स असतात, खरंय. पण बाईच्या प्रत्येक पेशीत त्यातला एक बहुतांशी बंदच असतो. दुहेरी कवच वगैरे काही नाही.

फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. धुरातली काही रसायनं पेशीत शिरली की एक प्रथिन त्यांना धरतं आणि सीवायपी१ए१ नावाचं जीन जागं करतं. त्यातून विष निस्तरणारं विकर तयार होतं, पण ते निस्तरताना काही रसायनं आणखी जहाल होऊन डीएनएला चिकटतात. ओढणाऱ्यांची फुप्फुसं तपासली तेव्हा हे जीन बायकांमध्ये जास्त जोरात चाललेलं आढळलं. म्हणजे मेसेजच्या नेमकं उलट.

‘बिडीनं बाप्येच जातात, बाया कुठं?’ असंही त्यात आहे. २०१६-१७ च्या पाहणीत देशातले १९ टक्के पुरुष धूम्रपान करत होते, बायका २ टक्के. ओढणाऱ्याच कमी, तर मयती जास्त कशा दिसतील? २००८ साली भारतातल्या मृत्यूंवरचा मोठा अभ्यास आला. त्यात ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य साधारण ६ वर्षांनी घटलेलं निघालं, बायकांचं ८.

सोडून उपयोग नाही, हे सगळ्यात घातक. धुरामुळं एएचआरआर या जीनवरच्या रासायनिक खुणा कमी होतात. रक्तात ते मोजता येतं. बिडी सोडल्यावर त्या खुणा हळूहळू, वर्षागणिक भरून येतात. श्वासनलिकेतल्या बऱ्याच जीनचं कामही पूर्वपदावर येतं. काहींचं येत नाही, तेही सांगायला हवं.

मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, “मंग आता सोडली तर रक्तात दिसंल का रे?”

“दिसंल, मावशे.”

बंडल अजून चंचीतच आहे. ज्यांनी मेसेज पुढं पाठवला त्यांनी तो आजच काढावा. तिची सून अजून तोच खरा मानते.