संचकार मनाला विचारून नव्हे, उतारा बघून द्यायचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरगुती ग्रुपांत सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मावशीलाही तो आला. नेमकी ती मुलासाठी प्लॉट बघतेय आणि संचकार, म्हणजे इसाराची रक्कम, द्यायच्या बेतात आहे, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

मेसेजचं म्हणणं असं: जमीन, घर, लग्न, ऑपरेशन हे मोठे निर्णय विचार करून घेतले की चुकतात, आतल्या आवाजावर घेतले की बरोबर येतात. का, तर पोटात दुसरा मेंदू असतो, आइन्स्टाइननं अंतर्मनाला ‘पवित्र देणगी’ म्हटलंय, शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केलंय आणि अनुभवी शेतकरी कधी हिशेब करत बसत नाही. शेवटी सल्ला: ‘जागेवर दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहा. छाती हलकी वाटली तर लगेच संचकार द्या, कागद नंतर बघता येतात.’

पहिले तीन मुद्दे पटकन संपवू. आतड्यांभोवती मज्जापेशींचं जाळं असतं हे खरं, त्यात दहा कोटींहून जास्त पेशी असतात. पण त्या जाळ्याचं काम अन्न पुढे ढकलण्याचं आणि पाचकरस सोडण्याचं आहे. काळजीनं पोटात गोळा येतो, कारण डोकं आणि पोट एकमेकांना निरोप धाडत असतात. सर्व्हे नंबरवर कर्जाचा बोजा आहे की नाही, हे त्या पोटाला कुठून कळणार? ‘पवित्र देणगी’वालं वाक्य आइन्स्टाइनच्या लिखाणात सापडत नाही, ते नंतर त्यांच्या नावावर खपवलं गेलं. आणि ‘सिद्ध केलंय’ म्हणजे बहुधा 2006 चा डच संशोधकांचा प्रयोग. चार काल्पनिक मोटारींची माहिती द्यायची, मग काही जणांचं लक्ष कोड्यांत गुंतवायचं आणि कोण चांगली मोटार निवडतो ते बघायचं. 2015 मध्ये बऱ्याच जास्त लोकांना घेऊन तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा विचार न करण्याचा काही फायदा दिसला नाही. तेवढ्यावर आयुष्याची पुंजी लावायला सांगताहेत.

शेतकऱ्याच्या मुद्द्यात मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करायला हवं. निपाणीचा जुना व्यापारी तंबाखूचं पान बोटांत चुरडून ओल सांगतो, येळ्ळूरचा शेतकरी शेतात पाय टाकताच चिखल रोपाजोगा झालाय की नाही ते ओळखतो. ते बहुतेक वेळा बरोबर असतात. का बरोबर असतात, याचं उत्तर 2009 च्या एका लेखात आहे. डॅनियल कानेमान हे अंतःप्रेरणेवर संशय घेणारे, 2002 चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते. गॅरी क्लाइन हे आग विझवणाऱ्या जवानांचे झटपट निर्णय अभ्यासून अंतःप्रेरणेची बाजू घेणारे. दोघांनी काही वर्षं एकत्र बसून वाद घातला आणि शेवटी दोन अटींवर त्यांचं एकमत झालं. एक, ज्या गोष्टीबद्दल अंदाज करायचा तिच्यात काही नियमितपणा हवा. दोन, माणसाला तीच गोष्ट पुष्कळदा करायला मिळालेली हवी आणि बरोबर-चूक लगेच कळलेलं हवं. त्याच लेखात त्यांनी हेही बजावलंय की आपल्याला किती खात्री वाटते, यावरून अंदाज खरा आहे की नाही ते ठरत नाही. म्हणजे छाती हलकी वाटणं हा पुरावाच नव्हे.

आता हे प्लॉटला लावून बघा. तंबाखूवाल्यानं हजारो पानं हाताळलेली असतात आणि ओलीचा अंदाज चुकला तर माल बिघडून ते त्याला लवकरच कळतं. जमीन माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतो. चूक कळते ती आठ-दहा वर्षांनी, कोर्टाची नोटीस दारात आल्यावर. म्हणजे दुसरी अट तर गेलीच. उरते ती फक्त त्या दिवशीची हवा. पावसाळ्यातलं हिरवं रान, समोर गोड बोलणारा एजंट, ‘दुसरी पार्टी संध्याकाळी येणार आहे’ ही घाई. छातीला हलकं वाटतं ते या सगळ्याचं. जमिनीची जी खोट असते, ती जमिनीवर उभं राहून दिसतच नाही.

खोट कुठे दिसते ते सांगतो. आपल्याकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या, उताऱ्यात (आरटीसी) रकाना 9 मध्ये मालकांची नावं असतात. विकणारा एकटाच समोर आलाय आणि तिथे चार नावं आहेत, तर उरलेले तिघे कुठे आहेत ते विचारा. रकाना 11 मध्ये इतर हक्क आणि बोजे येतात, सोसायटीचं कर्ज तिथे सापडतं. क्षेत्रातून खराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, वजा करून बघा. ‘ब’ खराबा म्हणजे रस्ता, नाला अशी सार्वजनिक जागा, ती विकत मिळत नसते. मग सब-रजिस्ट्रारकडून निदान तीस वर्षांचा ईसी, म्हणजे जमिनीवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा आणि बोज्यांचा दाखला, काढा. फॉर्म 15 वर नोंदवलेले व्यवहार येतात, फॉर्म 16 म्हणजे त्या काळात काही नोंद नाही. पण नोंदणी न झालेलं मृत्युपत्र किंवा कोर्टातला दावा ईसीत दिसेलच असं नाही, म्हणून वंशावळ मागायची आणि उताऱ्याशी ताडून बघायची. बहिणींची नावं गाळलेली असतात ती इथेच. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. सही न घेतलेली बहीण उद्या दावा लावू शकते.

सर्व्हे नंबरातला तुकडाच घेत असाल तर 11-ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणीचा नकाशा, लागतो. आणि एन.ए. (बिगरशेती) न झालेल्या शेतात दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडून बाँडवर, म्हणजे नुसत्या स्टॅम्प पेपरवर, देतात, त्यापासून लांब राहा. बाँड आणि मुखत्यारपत्रावर मालकी येत नाही, नोंदणी झालेलं खरेदीपत्रच लागतं. सुप्रीम कोर्टाचा 2011 चा निकाल आहे. कागद कन्नडमध्ये असतात आणि आपल्यापैकी पुष्कळांना ते वाचता येत नाहीत, म्हणूनच ‘मन सांगेल’ हे वाक्य इकडे जास्त घातक आहे. एजंटकडून वाचून घेऊ नका. या व्यवहारात ज्याला दलाली मिळणार नाही, अशा कन्नड जाणणाऱ्या माणसाकडून किंवा आपल्या वकिलाकडून ओळ न ओळ समजून घ्या.

अंतःप्रेरणेच्या बाजूचे ते क्लाइन, त्यांनीच सुचवलेली एक रीत थोडी बदलून घरात करून बघण्याजोगी आहे. पैसे देण्याआधी सगळ्यांनी बसायचं आणि धरून चालायचं की दोन वर्षं झाली, व्यवहार पार फसला. का फसला, ते प्रत्येकानं पाच मिनिटांत स्वतःच्या कागदावर लिहायचं, न बोलता. मग धाकट्यापासून वाचायला सुरुवात करायची, घरातल्या मोठ्यानं शेवटी बोलायचं, नाहीतर सगळे त्याचीच री ओढतात. जे जे कारण निघेल, त्यापुढे कुठला कागद बघितला की ते मिटेल हे लिहायचं. मनात कुठेतरी खुपत असलेलं इथे बरोबर बाहेर येतं. मनाचा उपयोग आहे तो असा. मन ‘नको’ म्हणालं तर थांबा, थांबल्यानं फार तर एक प्लॉट जाईल. ‘हो’ म्हणालं तर कागद काढा.

ऑपरेशनचं थोडक्यात. छातीत कळ आली, साप चावला तर पोटाला विचारत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. डॉक्टर वेळ आहे म्हणत असतील तर विचारा: नाही केलं तर काय होईल, दुसरा उपाय कोणता, थांबलं तर किती दिवस चालेल. मग दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, त्यासाठी मिरजेला जावं लागलं तरी. लग्नात पाहताक्षणी आवडणं असतं, असू दे, पण नोकरी, कर्ज आणि आजाराची चौकशी त्यानं टळत नाही.

आणि मावशीसारखं कुणी आत्ताच संचकार द्यायच्या बेतात असेल, तर रक्कम थोडीच ठेवा, रोख न देता चेकनं द्या. संचकारपत्रात स्पष्ट लिहून घ्या: तीस दिवसांत ईसी, वंशावळ आणि सर्व वारसांच्या सह्या मिळाल्या नाहीत तर पूर्ण रक्कम परत. ही ओळ लिहायला विकणारा तयार नसेल, तर त्या दिवशी चेक देऊ नका.