तव्याला चिंच लावतं का कोणी?

सकाळपासून डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. रविवारी रणगाड्यांशी ज्यांना देणंघेणं नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

खालच्या मजल्यावरचा पाचवीतला मुलगा नऊ वाजता दारात. हातात कापडी पिशवी, पिशवीत त्याचा रिमोटवरचा रणगाडा. टी-९०, आपल्या लष्करातला भीष्म तोच, १:१६ मापाचा. मामाने दिलेला. पावसाळाभर माळ्यावर पडून राहिला. चाकांभोवतीच्या पट्ट्यांच्या पिना तांबूस झाल्या, कड्यांवर पांढरी भुकटी आली. आपल्या ठाण्यात खाडीची हवा, कपाटातल्या पट्ट्याचं बक्कलसुद्धा गंजतं, त्यात नवल नाही. तर वडिलांनी तो स्टेशनकडच्या एका दुरुस्तीवाल्याला दिला. त्या महाभागाने पट्टे, चाकं, गिअरबॉक्स, सगळं सरसकट 'गंज उतरवायच्या पाण्यात' बुडवून ठेवलं. रात्रभर! सहाशे रुपये घेतले. पिना चकाचक, आणि मागची दातेरी चाकं देवी आल्यासारखी, खड्डेच खड्डे. वर म्हणे, "चायना माल आहे, असंच होणार."

आणि वडील काय म्हणाले? "फेक रे, नवीन मागवू."

पोराने मला विचारलं, "काकू, चाकं परत नीट होतील?" नाही होणार. ती जस्ताच्या मिश्रधातूची असतात, आणि जस्त ॲसिडमध्ये बुडबुडे सोडत विरघळतं. गेलेलं गेलं. हे सांगताना माझा आवाज एवढा चढला की बिचारं एक पायरी खाली सरकलं.

मला कळतच नाही, धातू कुठला आहे हे बघायला लागतं काय? एक लोहचुंबक. फ्रिजवर चिकटवतो तो सुद्धा चालेल. चिकटला तर लोखंड-पोलाद. नाही चिकटला आणि कुठे आतल्या बाजूला ओरखडा काढल्यावर पिवळं दिसलं तर पितळ, करडं-पांढरं दिसलं तर बहुतेक जस्त. अर्ध्या मिनिटाचं काम. पण नाही, आपल्याला सगळं चमकवायचं असतं. सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो व्हिडिओ फिरलाच, कोलामध्ये बुडवा, नव्यासारखं होईल. कोलामध्ये फॉस्फोरिक ॲसिड असतं, खिळ्यावरचा गंज निघेलही. पण रणगाडा म्हणजे खिळा आहे का?

माझी आई सातवी शिकलेली. समई, तांब्या, घंगाळ चिंचेने घासायची. पण तव्याला चिंच? हात लावू द्यायची नाही. तव्याला तेलाचा बोळा. डब्याला राख. हे तिला कुणी रसायनशास्त्र म्हणून शिकवलं नव्हतं.

आता खरं सांगते, एवढी का चिडले ते.

२००५. आम्ही कळव्याला तळमजल्यावर राहायचो. २६ जुलैला पाणी कमरेपर्यंत. दादा तेव्हा बोटीवर. आदल्या वर्षी हाँगकाँगहून त्याने एक रणगाडा आणला होता, शर्मन, फूटभराहून थोडा मोठा. आणला माझ्यासाठी असं म्हणाला, खेळायचा स्वतःच. पाणी ओसरल्यावर आम्ही गाद्या, रेशनकार्ड, आईबाबांच्या लग्नाचे फोटो वाळवत बसलो. शर्मन कपाटाखाली चिखलात होता, तो आठ दिवसांनी सापडला. मी ठरवलं, दादा यायच्या आत नवा करायचा. चाकं, गिअर काढले आणि प्लॅस्टिकच्या टबात व्हिनेगर ओतून त्यात टाकून झोपले. रात्री टबातून बारीक फस्स आवाज येत होता. मला वाटलं, वा, गंज निघतोय.

सकाळी आईने टबात बघितलं आणि एवढंच म्हणाली, "अगं, तव्याला चिंच लावतं का कोणी?"

तर त्या दुरुस्तीवाल्याला मी कुठल्या तोंडाने शिव्या घालतेय, असं म्हणाल. बरोबर आहे. फक्त मी सहाशे रुपये घेतले नव्हते.

व्हिनेगर वाईट नाही हो. पोलादी पिना आणि गिअर असतील तर आधी रॉकेलने ग्रीस काढा, पितळी ब्रशने घासा, मग व्हिनेगरमध्ये अर्धा तास, समोर बसून. लगेच खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, हेअर ड्रायरने कोरडं करा आणि तिथल्या तिथे शिलाई मशीनचं तेल लावा. चहा पिऊन येते म्हणालात तर परत येईपर्यंत नवा तांबूस थर. जस्ताला मात्र नुसता कोरडा जुना टूथब्रश, फार तर साबणाचं पाणी, मग लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, पातळ हात. मोटर कशातच बुडवायची नाही. आणि डब्ल्यूडी-४० स्प्रेवाले येतीलच कमेंटमध्ये. हो, पाणी हटवायला उत्तम आहे, नावातलं डब्ल्यूडी म्हणजेच 'वॉटर डिस्प्लेसमेंट'. पण गिअरबॉक्समधलं ग्रीसही धुवून नेतं, पुन्हा भरावं लागतं.

रिमोट उघडला तर त्यातही प्रताप. अल्कलाइन सेल तसेच राहिलेले, स्प्रिंगवर पांढरी पापडी. पोराला शेजारी बसवलं. कान साफ करायच्या काडीला व्हिनेगरचा एक थेंब, पापडीवर टेकवला, चुर्र करून फेस आला. सेलमधून गळते ती अल्कली, ॲसिडच्या उलट, म्हणून तिथे आंबट चालतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं. "पॉलिश पेपर मारू?" म्हणाला. म्हटलं, नको रे राजा, स्प्रिंगवरचा निकेलचा मुलामा गेला तर ती पुढच्या पावसात आणखी गंजेल. चौथ्या काडीला स्प्रिंग दिसायला लागली. नवे सेल टाकले, लाल दिवा लागला. त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

चाकं वेगळी विकत मिळतात, मी त्याच्या वडिलांना लिंक पाठवलीय. त्यांच्यावरही आता तितका राग नाही. दोघं नवराबायको आठ-आठ तास नोकरी आणि वर लोकल, ते कधी चुंबक घेऊन बसणार. पण 'फेक रे' पोरासमोर म्हणायचं नव्हतं.

दादा त्या डिसेंबरमध्ये आला. शर्मन हातात घेतला, उलटा केला, चाकावरून अंगठा फिरवला. मी रडायच्या बेतात. तो म्हणाला, "रंग छान राहिलाय गं." चालत तर नव्हताच. पुढच्या सुट्टीत मला नगरच्या रणगाडा संग्रहालयात घेऊन गेला. सेंच्युरियन, विजयंता, पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन. तिथे मला हळूच म्हणतो, "यांना कुणी व्हिनेगर घातलं नाही वाटतं."

त्या शर्मनचं एक चाक माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. काळं, स्पंजसारखं. आज पोराला दाखवलं. त्याने ते निरखून पाहिलं, मी मघाशी दिलेला फ्रिजवरचा चुंबक खिशातून काढला, लावला. पडला. पुन्हा लावला. पुन्हा पडला.

"काकू, हे तर चिकटतच नाही. मग तुम्ही व्हिनेगरमध्ये का घातलंत?"

म्हटलं, पोहे खा.