दिशा एका बिटात सापडते, केबल मात्र मोजा

"एक बिटाच्या कन्व्हर्टरला सिग्नलची दिशा कळत नाही, नॉइजमध्ये तर नाहीच. अँटेना भरपूर लावल्या की कॅलिब्रेशनही नको." रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून मालवणपर्यंतच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. तो वाचून आमच्या भाच्याने, बोटींच्या रेडिओ सेटची दिशा शोधणाऱ्या किनाऱ्यावरच्या 32 अँटेनांसाठी 12 बिटांचे कन्व्हर्टर (सिग्नलचे आकडे करणारे भाग) मागवायला घेतले. थांब बाबा.

नॉइजबद्दलचं, म्हणजे सिग्नलमधल्या खरखरीबद्दलचं, म्हणणं साफ उलटं आहे. दिशा कळते ती सिग्नल एका अँटेनावर दुसरीपेक्षा किती मागेपुढे पोचतो यावरून, आणि ते दोघींवरचे सिग्नल ताडून मिळतं. एक बिट म्हणजे नुसतं चिन्ह, अधिक की उणे. दोन अँटेनांमधला खरा सहसंबंध (दोन्ही सिग्नल किती एकसारखे हलतात ते, जास्तीत जास्त 1) 0.1 इतका क्षीण असला तरी 10,000 नमुन्यांत चिन्हं सुमारे 5,319 वेळा जुळतात. सिग्नल नसता तर 5,000, आणि योगायोगाने आकडा हलतो तो पन्नासेकाने. मग वरचे 319 कुठून आले? चिन्हांच्या सहसंबंधाला (जुळलेली वजा न जुळलेली, भागिले एकूण) π/2 ने गुणून साइन घ्या, मूळ सहसंबंध परत मिळतो. भौतिकशास्त्रज्ञ व्हॅन व्लेकने हे 1943 मध्येच मांडलं, मिडलटनसोबत 1966 मध्ये छापलं. क्षीण सिग्नलला तीच अचूकता हवी तर नमुने अडीचपट घ्यावे लागतात, एवढीच किंमत. होडीवरचा स्वस्त जीपीएसही एक-दोन बिटांवरच चालतो, तेही नॉइजखाली बुडालेल्या सिग्नलवर.

प्रत्येक अँटेनामागे आय आणि क्यू (एकाच सिग्नलची पाव आवर्तनाने सरकलेली दोन रूपं) यांसाठी दोन कंपॅरेटर, म्हणजे नुसतं चिन्ह सांगणारे भाग, लागतात. नुसत्या नॉइजवर 10,000 पैकी अधिक चिन्हं 4,850 ते 5,150 च्या बाहेर गेली, तर त्या कंपॅरेटरला ऑफसेट आहे, म्हणजे त्याचा शून्य सरकलेला आहे.

एक मान्य करावं लागतं: जेट्टीजवळचा जोरदार सेट त्याच चॅनलवरच्या लांबच्या सेटला दाबून टाकतो. नॉइज अगदीच कमी असेल तर समोरपासून 11.5 अंशांवरच्या सिग्नलची खोटी सावली दुसऱ्या बाजूला 37 अंशांवर पडते, साधारण 9.5 डेसिबल खाली, म्हणजे सुमारे एक नवमांश ताकदीने. त्यावर कंपॅरेटरआधी मुद्दाम नॉइज मिसळतात, नाहीतर 2-3 बिट वापरतात. बारा कशाला?

कॅलिब्रेशन, म्हणजे अँटेनांमधले फरक मोजून दुरुस्त करणं, नको, हे मात्र घातक आहे. समुद्रावरचा संकटाचा चॅनल 16 म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, दोन अँटेनांमध्ये अंतर 96 सेंटीमीटर. आरजी-58 या केबलमध्ये तरंग 1.26 मीटरचा होतो. ओळीतली प्रत्येक केबल आधीच्यापेक्षा 10 सेंटीमीटर लांब कापली गेली, तर फेज (तरंग आवर्तनात कुठे आहे ते) दर अँटेनाला सुमारे 28.5 अंश सरकतो आणि समोरची दिशा 9 अंशांनी चुकते. 10 किलोमीटरवरच्या बोटीसाठी ही चूक दीड किलोमीटरहून जास्त. बुडणाऱ्या बोटीला शोधणारे भलतीकडेच जातील. अँटेना वाढवल्या तर तीच चुकीची दिशा आणखी ठळक दिसेल.

जीपीएस असलेली एक होडी बंदराबाहेर उभी करा, तिला सेटवर बोलायला लावा, तिच्या दिशेवरून अपेक्षित असलेल्या फेजपेक्षा प्रत्येक अँटेनाचा फेज किती वेगळा येतो ते नोंदवून तो फरक वजा करा. खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवा पडला, केबल बदलली, की पुन्हा.